हलकं फ्लायव्हील + नवी प्रेशर प्लेट, बसवायच्या आधी बॅलन्स करायचं का? (जिप्सी, नाशिक)

जिप्सी_गंगापूररोड
नमस्कार मंडळी. जिप्सी किंग आहे, १३०० चं इंजिन. क्लच पार संपला होता म्हणून गिअरबॉक्स खाली घेतलाय, आणि आता उतरवलाच आहे तर बाहेरून बनवलेलं स्टीलचं हलकं फ्लायव्हील (क्रँकच्या मागे फिरणारी जड चकती) टाकतोय, सोबत जरा कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारं कव्हर), दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेत. फ्लायव्हील साडेचार किलो भरलं, प्रेशर प्लेट साडेतीन. फ्लायव्हीलच्या डब्यावर बॅलन्स्ड लिहिलंय. मिस्त्री म्हणतो नवा माल आहे, डबा फोडायचा आणि टाकायचं. पण गाडी रविवारी ऑटोक्रॉसला (मैदानातल्या वळणांच्या शर्यतीला) पळते, ६००० आरपीएमला रोजचं जाणं-येणं आहे, म्हणून मन मानत नाहीये. दोन्ही एकत्र बॅलन्स करायचं की वेगवेगळं? क्लच प्लेट पण लावून न्यायची का? आणि क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) काढून द्यावा लागेल का, कारण इंजिन उघडायची अजिबात तयारी नाहीये.

कसारा_सेकंड_गिअर
भाऊ माझ्या मते रोडच्या गाडीला एवढं काही लागत नाही. कंपनीचा क्लच बदलताना कोण बॅलन्स करतं सांग, द्वारका ते पंचवटी कुठल्याही गॅरेजला विचार. मला काळजी दुसरीच वाटते, हलक्या फ्लायव्हीलने आयडल खडबडीत होतं आणि चढावर उभी गाडी उचलताना बंद पडते, ट्रॅफिकमध्ये पाय दुखेल तो वेगळाच. ते आधी बघ.

अंबड_बॅलन्सिंगवाली
दादा, कंपनीच्या पार्टचं तुमचं बरोबर आहे, तिथे फ्लायव्हील आणि कव्हर दोन्हीच्या लिमिट ठरलेल्या असतात. इथे दोन अनोळखी वस्तू एकमेकींवर बसणार आहेत. डब्यावरचं बॅलन्स्ड खरं जरी धरलं तरी ते एकट्या फ्लायव्हीलचं झालं, प्रेशर प्लेटची जड बाजू कुठे येणार ते त्याला माहीत नाही.

आकडेच देते. अशा कामाला आम्ही जी ६.३ ही बॅलन्सची ग्रेड धरतो, जुन्या आयएसओ १९४० मधली, आता ते आयएसओ २१९४०-११ झालंय. हिशोब असा: ९५४९ गुणिले ग्रेड गुणिले किलोमध्ये वजन, भागिले आरपीएम. तुमचे दोन्ही मिळून ८ किलो आणि ६००० आरपीएम, म्हणजे साधारण ८० ग्रॅम-मिलिमीटर (जास्तीचं वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) एवढीच चूक चालते. १०० मिमी त्रिज्येवर हे एक ग्रॅमसुद्धा नाही, ८ मिमीच्या ड्रिलने स्टीलमध्ये जेमतेम अडीच मिमी खोल गेलं की एक ग्रॅम निघतो. आणि त्याच त्रिज्येवर ५ ग्रॅम राहिले तर ६००० ला जवळपास २० किलोचा जोर क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर दर फेरीला फिरत राहतो.

आता खरी गोम. प्रेशर प्लेट साडेतीन किलोची, ती बोल्टच्या भोकातल्या ढिलाईमुळे फक्त ०.१ मिमी बाजूला बसली तरी ३५० ग्रॅम-मिमी झाले, लिमिटच्या चौपटीहून जास्त. म्हणून डॉवेल पिन (प्रेशर प्लेट नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या) घट्ट नसतील तर मशीनवर कितीही बारीक काम करा, गाडीत बसवताना सगळं पुन्हा बिघडतं. लोक बॅलन्सिंगचे पैसे देतात आणि डॉवेलकडे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रम असा ठेवा: आधी एकटं फ्लायव्हील बॅलन्स, वजन मागच्या बाजूने कडेजवळ काढायचं, क्लच प्लेट घासते त्या फेसला आणि रिंग गिअरला हात लावायचा नाही. मग प्रेशर प्लेट डॉवेलवर बसवून पूर्ण टॉर्कला आवळायची, पुन्हा फिरवायचं आणि या वेळी दुरुस्ती फक्त कव्हरवर करायची, म्हणजे पुढच्या वेळी क्लच बदललात की फ्लायव्हीलला पुन्हा छेडावं लागत नाही. दोघांवर समोरासमोर पंच मार्क मारून घ्या. पातळ चकती आहे म्हणून एका प्लेनमध्ये, म्हणजे एकाच पातळीत वजन काढून, काम भागतं. क्लच प्लेट लावायची नाही, ती प्रत्येक वेळी क्लच दाबला-सोडला की नव्या जागी पकडते, तिच्याशी बॅलन्स जुळवण्यात अर्थ नाही, तिचा फक्त रनआउट (फिरताना किती डुलते ते) बघा.

क्रँक नको. तुमच्या चार सिलिंडरला फ्लायव्हील न्यूट्रल असतं, म्हणजे स्वतःपुरतं बॅलन्स. फोर्डच्या ३०२ व्ही८ सारख्या इंजिनांत त्यात मुद्दाम जड बाजू ठेवलेली असते, जुन्याला २८ औंस-इंच आणि नंतरच्याला ५०, तिथे न्यूट्रल करून ठेवलं तर इंजिनच थरथरतं. तिकडचे व्हिडिओ बघून इकडे गोंधळ करू नका.

सातपूरचा_फिटर
ताईंनी नीट सांगितलं. माझं थोडं ऐक. फ्लायव्हील कशाचं आहे ते लिहून घे, बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेलं) स्टील असेल तर ठीक. जुनंच बिडाचं फ्लायव्हील लेथवर सोलून हलकं केलेलं असेल तर घालू नकोस, बीड जास्त फेऱ्यांना फुटू शकतं आणि बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हील-क्लचवरच्या कवचाच्या) वर तुझेच पाय असतात. हलकं करायचंच तर वजन बाहेरच्या कडेचं जावं, मधलं काढून फरक कमी पडतो कारण त्रिज्येचा वर्ग लागतो.

बसवताना क्रँकचा फेस आणि मधली गोल बैठक साफ कर, रंग, गंज, जुना लॉकटाइट काही राहू देऊ नकोस. मग डायल गेज लावून फेसचा रनआउट बघ, क्रँक एका बाजूला दाबून धर नाहीतर त्याचा पुढे-मागे खेळ गेजवर येतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, टॉर्क मॅन्युअलमधला. एका बाजूने एकदम आवळलं तर कव्हर वाकतं, मग क्लच ओढतो आणि सगळे म्हणतात बॅलन्सिंग चुकलं.

जिप्सी_गंगापूररोड
ताई, दादा, मनापासून आभार. आत्ताच जाऊन बघितलं, तीनपैकी एक डॉवेल हाताने हलतोय. आणि एक शंका, मशीनच्या मॅन्ड्रेलवर (फ्लायव्हील धरून फिरवणाऱ्या दांड्यावर) बसवताना तिथेच चूक झाली तर?

अंबड_बॅलन्सिंगवाली
चांगलं विचारलंत. रीडिंग घ्यायचं, फ्लायव्हील मॅन्ड्रेलवर अर्धी फेरी फिरवून पुन्हा घ्यायचं. जड जागा फ्लायव्हीलवर तिथेच दिसली तर ती खरी, मॅन्ड्रेलसोबत राहिली तर दोष मॅन्ड्रेलचा. कुठेही गेलात, अंबड असो की सातपूर, ब्लोअर-पंपाचे रोटर करणारा असेल तरी चालेल, फक्त हे समोर उभं राहून करून घ्या आणि उरलेल्या बॅलन्सचा आकडा लिहून मागा. तो हलणारा डॉवेल मात्र आधी बदला, भोक मोठं झालं असेल तर रीम करून मोठ्या मापाचा टाका. त्याशिवाय आणू नका.

कसारा_सेकंड_गिअर
३५० वाला हिशोब मी कागदावर करून बघितला, बरोबर आहे. माझं मत बदललं, बॅलन्स करूनच टाक भाऊ. गाडी सुरू झाल्यावर न्यूट्रलमध्ये हळूहळू ३००० पर्यंत ने. थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढली तर इकडचं, गाडीच्या वेगाबरोबर वाढली तर प्रॉपेलर शाफ्ट किंवा चाकं बघ.