रत्नागिरी शहरात रविवारचं दुपारचं जेवण: ११ माणसं, दोन लहान मुलं, दोन शाकाहारी. जागा कशी निवडावी?

शेवग्याची शेंग

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरीत येतोय. थिबा पॅलेस, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि दुपारनंतर भाट्याच्या पुलावरून पावस असा बेत आहे. दुपारचं जेवण शहरातच करायचं.

माणसं ११. सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही), आत्या आणि त्यांचे यजमान (दोघं शाकाहारी, अंडंही नाही), ३ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि आम्ही पाच मोठी, सगळी मासे खाणारी. गाडी १७ सीटर टेंपो ट्रॅव्हलर.

हॉटेलांची नावं नकोत, कारण आचारी बदलला की सगळंच बदलतं. निवड कशी करायची, फोनवर काय विचारायचं, काय बघून आत जायचं आणि काय बघून परत फिरायचं, ते सांगा. मुलांना तिखट चालत नाही. शाकाहारी मंडळींना त्याच टेबलावर बसवावं की नाही, यावर घरातच एकमत नाही.

सडा

पहिली गोष्ट वेळ, दुसरी गाडी, तिसरी चव. लोक हा क्रम उलटा लावतात आणि मग पावणेदोनला भुकेली मुलं घेऊन फुटपाथवर उभे राहतात.

रविवारी रत्नागिरीत जेवणाची खरी गर्दी एक ते अडीच. बहुतेक स्वयंपाकघरं बाराच्या सुमारास ताटं वाढायला लागतात आणि तीनच्या आसपास 'जेवण संपलं' अशी पाटी लागते. तुम्ही सव्वाबाराला टेबलावर बसलेले असलात तर अर्धे प्रश्न तिथेच सुटले. कारण साधं आहे. मासळीचे तुकडे तव्यावर तळतात. मोठ्या तव्यावर एका वेळी आठ-दहा तुकडे बसतात आणि दोन्ही बाजू नीट व्हायला आठ ते दहा मिनिटं लागतात. तुम्ही नऊ जण मासे खाणारे, म्हणजे एकट्या तुमचाच एक पूर्ण घाणा. सव्वाबाराला तो पहिला घाणा असतो. सव्वा वाजता तुमच्यापुढे चार टेबलं असतील तर चाळीस मिनिटं गेलीच, आणि घाई झाली की तुकडा बाहेरून करपतो, काट्याजवळ कच्चा राहतो.

म्हणून बेत असा फिरवा: पुळ्याहून साडेनऊला निघा, आधी थिबा पॅलेस, मग जेवण, टिळक आळी जेवणानंतर.

गाडीचं म्हणाल तर राम आळी आणि गोखले नाका हा भाग टेंपो ट्रॅव्हलरसाठी नाही. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या, माल उतरवणारे टेंपो. ड्रायव्हर तुम्हाला उतरवून गाडी लांब नेणार आणि सासूबाईंना तेवढं अंतर चालायला लागणार. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप हा पट्टा तुलनेने रुंद आहे, तिथे स्वतःच्या आवाराची हॉटेलं शोधा. फोनवर 'पार्किंग आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. 'सतरा सीटर दारात उभी राहील का, रिव्हर्स घ्यायला जागा आहे का' असं विचारा.

फोन सकाळी दहाच्या आसपास करा. त्याआधी मासळी आलेली नसते आणि अकरानंतर तुकड्यांना मसाला लागलेला असतो. हे मधलं तासाभराचं अंतर मुलांसाठी फार महत्त्वाचं आहे, त्याबद्दल दुसरं कोणी सविस्तर लिहील. मी एवढंच सांगतो की विचारायचं काय:

– अकरा जणांना तळमजल्यावर एकत्र बसता येईल का? 'फॅमिली रूम' पुष्कळदा माडीवर असते. नुसतं 'फॅमिली रूम आहे का' विचारलंत तर जिना नंतर कळतो.
– कमोडचं शौचालय आहे का, आणि ते तळमजल्यावर आहे का? जुन्या इमारतींत ते मागच्या पडवीत, दोन पायऱ्या उतरून, कधी स्वयंपाकघरातून वाट काढत असतं. गुडघेदुखीच्या माणसाला हा प्रश्न जेवणाइतकाच मोठा.
– आज कुठली मासळी आली आहे? उत्तरादाखल पंधरा नावं आली तर बरीचशी बर्फातली धरा. 'सुरमई, बांगडा आणि थोडी कोळंबी, बास' असं उत्तर आलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही.
– टेबल राखून ठेवाल का, आणि किती वेळ? पुष्कळ ठिकाणी रविवारी टेबल राखत नाहीत, पण अकरा थाळ्यांची ऑर्डर आधी दिली तर राखतात.

आगळ

मुलांच्या जेवणाचं मी लिहिते.

'तिखट कमी करा' हे ताटावर बसल्यावर सांगून काही होत नाही. कालवण सकाळी एकाच पातेल्यात झालेलं असतं. त्यातलं तिखट काढता येत नाही, फार तर नारळाचं दूध घालून सौम्य करतात. तळायच्या तुकड्यांनाही मसाला लावून ठेवलेला असतो. दहा वाजताच्या फोनवर मात्र सांगता येतं: 'चार तुकडे नुसतं मीठ-हळद आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून बाजूला ठेवा, वरून तांदळाचं पीठ.' बहुतेक ठिकाणी आनंदाने ठेवतात. रवा मुलांना कुरकुरीत म्हणून आवडतो, पण तीन वर्षांच्या मुलाला तो टाळूला टोचतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मऊभात. ताटातला भात मोकळा आणि फडफडीत असतो, लहान मुलाला तो नुसता गिळवत नाही. वाटीभर मऊभात, त्यावर तूप-मीठ आणि साधं वरण, असं फोनवरच सांगून ठेवा. मेतकुटाची पुडी घरून आणा, ती हॉटेलात मिळेलच असं नाही. आयत्या वेळी मागितलात तर भातात गरम पाणी घालून आणतात, त्याला मऊभात म्हणत नाहीत.

मासा कुठला द्यायचा? तीन वर्षांच्या मुलाला सुरमईचा मधला तुकडा. मध्ये एक गोल काटा आणि बाजूला थोडे मोठे काटे असतात, ते बोटांना सहज लागतात. पापलेटही चालेल, मांस पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं, फक्त कडेचे बारीक काटे आधी काढून टाकावेत. बांगडा सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाने सोडवून द्यावा. पेडवे, तारली आणि कर्ली मुलांच्या ताटात नकोच. कर्लीची चव कितीही चांगली असली तरी तिचे दुकाटी (दोन टोकांचे) काटे मोठ्यांनाही चुकवतात. मोरीला (लहान शार्क) कूर्चा असते, टोचणारे काटे नसतात, म्हणून काही जण मुलांना मोरीचं मटण देतात. पण मोरीच्या मांसात मुळातच युरिया असतो आणि मासा जुना झाला की त्याचा अमोनिया होतो. ताट आल्यावर नाकात झिणझिणणारा वास आला तर ते तसंच परत करा.

ताजेपणाबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं, असा त्रास होतो. जिभेला चुरचुरलं किंवा मिरीसारखं झणझणलं तर घास तिथेच टाकावा. काउंटरपाशी मासळी मांडलेली असेल तर बघा: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबून सोडलं की खळगा भरून येतो. तुकडे करून ठेवलेल्या मासळीत यातलं काही दिसत नाही, तिथे वासच काय तो.

सोलकढी लवकरच्या पंगतीत प्या. नारळाचं दूध दुपारच्या उष्म्यात बाहेर राहिलं की दोनपर्यंत आंबायला लागतं. कडेला बारीक बुडबुडे दिसले किंवा आमसुलाचा आंबटपणा सोडून वेगळाच आंबूस वास आला तर मुलांना देऊ नका. आणि लहान मुलांच्या कढीत मिरची-लसूण नको असेल तर तेही आधीच सांगा.

मिऱ्या

शाकाहारी मंडळींबद्दल माझं मत ठाम आहे: दोन वेगळी हॉटेलं करू नका. अर्धं कुटुंब एकीकडे, अर्धं दुसरीकडे, एक ताट लवकर येतं, दुसरं उशिरा, आणि म्हातारी माणसं मधल्या मध्ये ताटकळतात. पण मासळीच्या हॉटेलातली शाकाहारी थाळी डोळे मिटून मागवू नका. तिथे ती थाळी बहुतेक वेळा पनीर, फ्लॉवर-बटाटा आणि डाळ, म्हणजे कोकणात येऊन कोकणातलं काहीच नाही.

विचारायचं असं: भजी आणि पापड वेगळ्या कढईत तळता का? झारा वेगळा आहे का? डाळीची फोडणी वेगळ्या पळीत होते का? उत्तर द्यायला माणूस अडखळला तर आत्यांसाठी तळलेलं काही मागवू नका. भात, वरण, एखादी रस्सा भाजी आणि दही, एवढंच घ्या. उत्तर स्पष्ट आलं तर पुढचा प्रश्न: काळ्या वाटाण्याचं सांबार, डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, यातलं आज काय आहे? काळे वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात, वालांना तर भिजवून मोड आणून सोलायचंही काम असतं. म्हणून सांबार हवं असेल तर फोन शनिवारी दुपारीच केलेला बरा, डाळिंब्यांसाठी त्याच्याही आधी. उकडीचे मोदकही आदल्या दिवशीच सांगायचे, आणि नगावर सांगायचे: 'अकरा जणांना' नव्हे, 'बावीस मोदक'.

सडा

मिऱ्या, एका गोष्टीवर असहमत. आत्यांना वासाचाच त्रास होत असेल तर वेगळी कढई असूनही उपयोग नाही, मासळीच्या हॉटेलात तव्याचा धूर सगळीकडे फिरतो. अशा वेळी सगळ्यांनी शाकाहारी ठिकाणी जेवावं आणि मासे रात्री खावेत. आत्यांना आधी विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका.

मिऱ्या

हे मान्य. वास चालत असेल तरच माझं म्हणणं लागू.

शेवग्याची शेंग

आत्यांना विचारलं. वास चालतो, पण समोरच्या ताटात अख्खा मासा दिसलेला आवडत नाही. आणखी दोन शंका. थाळी घ्यावी की सुटे पदार्थ? आणि काटा अडकला तर?

हिशेबनीस

आत्यांना भिंतीकडच्या टोकाला बसवा, शेजारी मुलांचे मऊभात. अख्खं पापलेट न मागवता तुकडे मागवा, प्रश्न मिटला.

थाळी मोठ्यांसाठी घ्या, मुलांसाठी नको. आधी विचारा की भात आणि कढी पुन्हा वाढतात का, चपाती-भाकरी किती, वरच्या चपातीचे वेगळे पैसे धरतात का. कालवणाची दुसरी वाटी पुष्कळ ठिकाणी वेगळी लावतात. 'अमर्याद' थाळीत दोघांनी मिळून खाल्लेलं चालत नाही, म्हणून मुलीला थाळीतलं भरवू नका, तिच्यासाठी सुटा तुकडा आणि भात सांगा. सुरमई-पापलेटचा भाव जिथे 'साईजप्रमाणे' लिहिलेला असतो तिथे तव्यावर पडण्याआधी मासा बघायचा आणि आकडा ठरवून घ्यायचा. बिलावरचे सगळ्यात जास्त वाद याच एका शब्दावरून होतात.

जीएसटी साधारण हॉटेलात ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ४००० रुपयांच्या जेवणावर १०० अधिक १००. छोट्या खानावळी पुष्कळदा कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असूनही खाली जीएसटी लावला असेल तर दाखवून द्या. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक बिलावर असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाण्याच्या बाटलीच्या छापील किमतीवरून मात्र भांडू नका. बसून जेवायच्या हॉटेलात जास्त भाव लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. दर आधी विचारा किंवा गाडीतल्या बाटल्या आणा.

आगाऊ ऑर्डर देताना थोडी रक्कम मागतात, ती द्यावी, पण मेसेजवर लिहून घ्यावं: किती थाळ्या, कुठली मासळी, किती वाजता, मऊभात किती वाट्या.

आगळ

काट्याचं: कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देऊ नका, काटा आणखी खोल रुततो. मुलाला खोकू द्या, घोटभर पाणी द्या, घशात बोट घालू नका. टोचणं थांबलं नाही, लाळ गळायला लागली किंवा गिळता येईना, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. श्वास अडकत असेल तर क्षणही न दवडता मुलाला पुढे वाकवून पाठीवर थापा मारा आणि सोबतच इस्पितळ गाठायची सोय करा.

आणि फेब्रुवारीचा बेत पुढे ढकलू नका. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदी असते. त्या दोन महिन्यांत सुरमईची थाळी मागवली तर बहुधा बर्फातलीच येते. तेव्हा आलात तर खाडीची मासळी किंवा कोंबडी-वडे विचारा. गणपतीत आणि शिमग्यात तर कामगार गावी गेल्यामुळे कित्येक ठिकाणं बंदच असतात, तेव्हा फोन केल्याशिवाय निघूच नका.