हळदीचे फोटो आणि टीव्हीचा निळसरपणा

हळदीचे फोटो लॅपटॉपवर पिवळे आणि टीव्हीवर निळसर दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी टीव्ही सुधारा. पिक्चर मोड 'व्हिविड' असेल तर 'सिनेमा'वर न्या आणि कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. टीव्हीसाठी पांढऱ्याचं मानक सुमारे ६५०० केल्विनचं आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा), 'व्हिविड' त्याहून बराच निळा असतो. पहिले दोन दिवस पडदा पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. खात्रीसाठी कृष्णधवल सिनेमा लावून बघा, करड्यात कुठलीच छटा दिसायला नको.

आता फोटो. साधा पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५००. माझ्या भाचीच्या हळदीत एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला बल्ब, त्यामुळे तिचा एक गाल निळा आणि दुसरा पिवळा आला होता. तिथे एडिटिंग ॲपमधल्या एका स्लायडरने भागत नाही, मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, दोन्ही बाजू वेगळ्या सुधाराव्या लागतात. तुमच्याकडे एकच उजेड असेल तर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (फोटोत पांढरं काय ते ॲपला दाखवणारं टूल) कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर, डाग नसलेल्या जागी टेकवा. 'ऑटो' मात्र टाळा, तो गालावरची खरी हळदसुद्धा फिकी करून टाकतो!