बाळ साडेचार महिन्यांचं, कमावती मी एकटी: भांडुपातच राहू की बदलापूरला जाऊ?

अबोली_भांडुप

नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, माझी रजा संपत आलीय, पुढच्या महिन्यात कामावर हजर व्हायचंय. नवरा वेगळा राहतो, प्रकरण वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात आहे, सध्या त्याच्याकडून रुपया येत नाही. "एकदा बोलून बघा" हा सल्ला कृपया नको, तो सगळ्यांचा देऊन झालाय.

हातात येतात ४८,०००. भांडुप पश्चिमेला वन रूम किचन, भाडं १६,५००. किराणा, दूध, भाजी ८,०००. लाइट, गॅस, मोबाइल २,५००. डायपर, डॉक्टर आणि बाळाचं किरकोळ ४,०००. बाळंतपणाला सोनं गहाण टाकलं होतं, त्याचा हप्ता ४,२००. पास आणि स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा १,८००. झाले ३७,०००. पाळणाघरवाल्या काकू ९,००० म्हणतात. उरले २,०००, त्यात आजारपण, सणवार, गावची फेरी आणि चपला. अकाउंट्समध्येच आहे, त्यामुळे बेरीज तपासू नका.

आई चिपळूणजवळ असते. भातकापणी झाली की येते म्हणते, पण बाबांना सोडून फार दिवस राहता येत नाही तिला.

आता मुद्दा. मावसबहीण बदलापूरला राहते, तिच्या बिल्डिंगमध्ये वन आरके ७,५०० ला मिळतोय. महिन्याला ९,००० वाचले, म्हणजे पाळणाघर फुकटात पडलं. ऑफिस परळला, सुटायची वेळ सहा. जावं का?

माई_मुलुंड

बेरीज बरोबर आहे गं, पण तिच्यात तासांचा रकानाच नाहीये. (लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतेय.)

परळहून सहाला निघून स्लो धरलीस तर सातच्या आसपास भांडुपला काकूंच्या दारात असशील. बदलापूरला जायचं तर आधी दादर गाठायचं, त्या वेळच्या फास्टमध्ये चढता आलं तर पुढे सव्वा तास, उतरल्यावर रिक्षाची रांग. आठ वाजतातच. सकाळी हेच उलट्या दिशेने. बहुतेक घरगुती पाळणाघरं साडेसातला आवरतात, पुढच्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे, आणि पैसे देऊनही बाई तोंड वाकडं करते ते वेगळंच. शिवाय पाऊस. कुर्ला-शीवला पाणी भरलं तर परळहून भांडुपला एलबीएस रोडने बस-रिक्षा करत पोचता येतं. बदलापूरला कशी पोचशील? जुलै २०१९ मध्ये त्या बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, आठवत असेल.

माझा मुलगा आता बारावीला आहे. त्याच्या वेळी मी फोर्टला नोकरीला होते, घरात मीच एकटी. मी आधी पाळणाघर पक्कं केलं आणि मग तिथून चालत जाता येईल अशी खोली शोधली. दलाल मला वेड्यात काढत होता. पण ताप आला, उलटी झाली की काकू शेजारच्या पोराला पाठवून माझ्या घरमालकिणीला बोलवायच्या, ही सोय कुठल्या भाड्यात धरणार?

पैसे वाचवायचेत ना, मग डायपरमध्ये वाचव. दिवसा लंगोट आणि दुपटी, रात्री एक डायपर. जून ते सप्टेंबर मात्र हट्ट करू नकोस, मुंबईच्या पावसात दुपटी तीन-तीन दिवस कुबट राहतात आणि पोरीला पुरळ उठलं की डॉक्टरकडे त्याच्या दुप्पट जातात. सहा महिन्यांनंतर डब्यातलं तयार खाणं आणू नकोस. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवायची, दळून वस्त्रगाळ करायची. आई येईल तेव्हा तिच्याकडून चार महिन्यांचं सत्त्व करून घे, त्यांना हाताला काम लागतंच.

आणि तुमच्या ऑफिसात माणसं किती? ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकाला बंधनकारक आहे, बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून. आवारातच हवं असं नाही, जवळच्या एखाद्या पाळणाघराशी करार केला तरी चालतो. दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही त्यातच आहे. तोंडी विचारू नकोस, मेल टाक.

सिस्टर_कुर्ला

त्या ४,००० मध्ये लसींचे किती आहेत? महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लसीकरण फुकट असतं. पेंटाव्हॅलेंट, रोटा, न्यूमोकोकल, सगळं त्यात येतं. खासगीत "न दुखणारी" लस म्हणून जे घेतात त्यात ताप कमी येतो हे खरं, पण एका दिवसाच्या तापासाठी किती मोजायचे ते तुम्ही ठरवा. ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस झाले असतील, तर सरकारी वेळापत्रकात आता थेट ९ महिन्यांना गोवर-रुबेलाची वेळ. कार्ड जपून ठेवा. सहा महिने झाले की अंगणवाडीत नाव घाला, तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा शिधा मिळतो. लाजू नका, नोकरदार बायका येतात.

अंबरनाथकर

मावसबहीण त्याच बिल्डिंगमध्ये आहे, हे कोणी हिशेबात घेतच नाहीये. ती साडेसहा ते आठ बाळाला घेणार असेल तर माईंचा सगळा हिशेब उलटतो. आम्ही इकडचे लोक रोज जातोच की! फक्त तिला स्पष्ट विचारा आणि पैसे देऊ करा. नात्यात फुकट ठेवलं की तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते.

रेवा_ठाणे

कोर्टाचं: मुख्य निकालाची वाट बघू नका, तुमच्या आणि बाळाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज आत्ताच टाका. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो, तारखा पडायच्या त्या पडतातच. वकिलाची फी जड जात असेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, पगार किती हे बघत नाहीत. दुसरं, राज्याची बालसंगोपन योजना. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५०. तुमची केस अजून चालू आहे, तेव्हा कागद कोणते लागतील ते उपनगर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारा. खात्यात आल्याशिवाय मात्र बजेटमध्ये धरू नका.

अबोली_भांडुप

सगळ्यांना धन्यवाद. अंबरनाथकर, विचारलं मावसबहिणीला. ती स्वतः नोकरीवरून साडेआठला घरी येते, "सासूबाई बघतील" म्हणाली. सासूबाई मागून काय म्हणाल्या ते फोनवर ऐकू आलं. तेव्हा बदलापूर रद्द.

सिस्टर, खासगीत एका खेपेला सहा हजारांच्या घरात गेले होते. पुढची लस आरोग्य केंद्रात.

माई, ऑफिसात आम्ही ६२ जण आहोत. एचआरला मेल टाकला. "बघतो" असं उत्तर आलंय, आता दर सोमवारी त्याच मेलला रिप्लाय करणार आहे. काकूंशीही बोलले, ९,००० वरून ८,५०० वर आल्या, काढून ठेवलेलं दूध पाजायला तयार आहेत, पण साडेसात म्हणजे साडेसात. मार्च एंडला मला सहाला कोणी सोडत नाही. भांडुप पश्चिमेला नऊपर्यंत बाळ ठेवून घेणारं कोणी माहीत असेल तर कळवा, तेवढे पंधरा दिवस जादा द्यायची तयारी आहे.