हेंड्रिक्सच पहिला का? माझं मत टोनी आयोमीला

फुटकी_काच:
रॉक गिटारवादकांची यादी कुणीही काढो, पहिलं नाव जिमी हेंड्रिक्स. रोलिंग स्टोन मासिकानं २००३ला तेच केलं, २०११ला तेच, २०२३लाही तेच. माणूस थोर, वाद नाही. पण माझं मत ब्लॅक सॅबथ या बँडच्या टोनी आयोमीला. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रानं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. दाबायला हलक्या म्हणून बँजोच्या तारा चढवल्या, पुढे गिटारच तीन पट्ट्या खाली उतरवली. हेवी मेटलचा तो जड आवाज तिथून आला.

तानपुरावाला:
गोष्ट भारी आहे, पण गुण वादनाला द्यायचे की सोसण्याला? शिवाय तुमचा काळ चुकतोय. तीन पट्ट्या उतरवल्या त्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये. १९७०चा पहिला अल्बम नेहमीच्याच पट्टीत आहे आणि तरी छातीवर बसतो.
हेंड्रिक्सकडे या. ॲम्प्लिफायरची जी शिट्टी बाकीचे खोट समजून बंद करायचे, ती यानं सुरात ओढली. वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ, बरीचशी गर्दी घरी गेलेली, आणि हा गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवता वाजवता त्यातून बॉम्बचे आवाज काढतोय. एक शब्द न गाता.

फुटकी_काच:
पट्टीचं मान्य, चूक माझी. पण दोन बोटांना जाड चिकटपट्टी गुंडाळून गिटार धरून बघा. मी केलंय. तार बोटाखाली आली की नाही तेच कळत नाही, मग जोर जास्त पडतो आणि सूर चढतो. असल्या हातानं आयोमी 'पॅरानॉइड'सारखं गाणं वाजवतो हो!

काळी_चार:
गिटारशिवाय काही ऐकता का तुम्ही लोक? डीप पर्पल बँडच्या जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारी पेटीच, मार्शल कंपनीच्या गिटार ॲम्प्लिफायरला जोडला. कोण गुरगुरतंय, गिटार की ऑर्गन, नवख्याला पत्ता लागत नाही.

ठेकेदार:
आणि ड्रमवाले काय नुसते मोजायला बसलेत? गिटारवादक रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला तरी डीप पर्पलनं दुसरा गिटारवादक आणला. लेड झेपेलिन या बँडनं मात्र १९८०मध्ये ड्रमवाला जॉन बोनम वारल्यावर दुकानच बंद केलं. ड्रमवाल्यासाठी! त्यांचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं चांगल्या हेडफोनवर ऐका. रेकॉर्डिंग झालं ते हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, ड्रम खाली जिन्याच्या दालनात, माइक वरच्या मजल्यावरून लोंबकळत सोडलेले. पहिला ठोका पडतो तो त्या पोकळीत घुमूनच वर येतो.

तानपुरावाला:
म्हणजे कमाल जिन्याची झाली, बोनमची नव्हे.

ठेकेदार:
मग तुमच्या जिन्यात जाऊन वाजवा आणि रेकॉर्डिंग इथे टाका.

तानपुरावाला:
टाकतो. सोसायटीचे सेक्रेटरी दिवाळीला गावी जातात, तेवढं थांबा.