मदत हवी आहे: रेडिओ दुर्बिणीचे रेकॉर्डिंग दर रात्री पंधरा मिनिटांच्या आतच बंद पडते

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही नववीच्या मुलांना घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी जवळच्या काही पाहून परत येताना मुलांनी गाडीतच ठरवून टाकले की शाळेतही एक लहानशी रेडिओ दुर्बीण करायची. खानापुरातल्या एका केबलवाल्यांनी भंगारात काढलेली आठ फुटी जाळीची छत्री दिली, बेळगावात उद्यमबागेत कामाला असलेल्या एका पालकांनी तिला लोखंडी स्टँड करून दिला, आणि पाऊस थांबल्यावर आम्ही ती शाळेच्या गच्चीवर बसवली. छत्रीच्या केंद्रावर पत्र्याचा डबा आहे, त्याच्या आत सुमारे सव्वापाच सेंटिमीटरची तांब्याची तार आहे, आणि डब्याला लागूनच 1420 मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला अँप्लिफायर आहे. तिथून केबल खाली प्रयोगशाळेत येते, जिथे आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ संदेशाचे आकड्यांतले नमुने करून देणारे लहान यंत्र) आणि एक जुना लॅपटॉप जोडलेला आहे.

छत्री फिरवण्याची सोय नाही. ती उत्तरेकडे तोंड करून क्षितिजापासून 65 अंशांवर घट्ट केली आहे, जेणेकरून पृथ्वीच्या फिरण्याबरोबर आकाशगंगेचा पट्टा आपोआप समोरून सरकेल आणि तिच्यातल्या हायड्रोजन वायूची 21 सेंटिमीटरची रेषा, म्हणजे 1420.4 मेगाहर्ट्झचा संदेश, कमी-जास्त होताना दिसेल. त्यासाठी रेकॉर्डिंग रात्रभर अखंड चालले पाहिजे, आणि नेमके तेच होत नाही. आम्ही संध्याकाळी सात वाजता सुरू करून घरी जातो, आणि सकाळी पाहावे तर प्रोग्राम बंद झालेला असतो व हाती एकच फाइल लागते. मागच्या तीन रात्रींच्या फाइली 14 मिनिटे 54 सेकंद किंवा त्याहून सेकंदभर अधिक लांबीच्या आहेत.

आधी मला वीज जाण्याचा संशय आला, कारण आमच्याकडे ती वरचेवर जाते. परंतु लॅपटॉप इन्व्हर्टरवर आहे आणि तो सकाळी चालूच सापडतो. नंतर केबल बदलली, डोंगल बदलले, लॅपटॉपची झोपेची सोय बंद केली, तरी फरक पडला नाही. शेवटी लॅपटॉप तापत असावा असे समजून नमुने घेण्याचा वेग सेकंदाला 24 लाखांवरून 12 लाखांवर आणला. त्या रात्री रेकॉर्डिंग अर्धा तास व्हायला दहा-अकरा सेकंद उरले असताना थांबले, त्यामुळे दोष लॅपटॉपच्या ताकदीचाच आहे असे माझे मत झाले आहे. नवा लॅपटॉप घेणे शाळेला परवडणारे नाही. साठवणुकीची अडचण मात्र नाही, कारण विज्ञानाच्या चित्रफिती वर्गातल्या टीव्हीवर दाखवण्यासाठी घेतलेली 500 जीबीची बाहेरची हार्ड डिस्कच आम्ही यासाठी वापरतो.

आणखी एक शंका आहे. आलेखात अगदी मध्यभागी एक टोकदार सुई कायम उभी असते. तो हायड्रोजन आहे असे मुलांना सांगण्याचा मोह होतो, पण छत्रीची केबल काढली तरी ती जात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीकर:

सर, नमस्कार. लॅपटॉप विकत घेऊ नका. आपला दोष आपल्याच पत्रात हार्ड डिस्कच्या वाक्यात लपलेला आहे. सेकंदाला 24 लाख नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट, म्हणजे सेकंदाला 48 लाख बाइट होतात. टीव्हीला चालावी म्हणून आपली डिस्क बहुधा फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, आणि त्या पद्धतीत एक फाइल 4,29,49,67,295 बाइटांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. हा आकडा 48 लाखांनी भागून पाहा: 894.8 सेकंद, म्हणजे 14 मिनिटे 54 सेकंद आणि थोडे वर. वेग निम्मा केल्यावर वेळ दुप्पट झाला तो लॅपटॉपला आराम मिळाला म्हणून नव्हे, तर फाइल निम्म्या गतीने भरली म्हणून. तापलेले यंत्र रोज ठरलेल्या सेकंदाला बंद पडत नसते.

डिस्कवरचे सर्व काही दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती एनटीएफएस पद्धतीने, जिच्यात ही मर्यादा नाही, पुन्हा फॉरमॅट करा. तरीही एका रात्रीची एकच फाइल करू नका, कारण वेव्ह प्रकारच्या फाइलीच्या मथळ्यातही आकाराची नोंद 32 बिटांचीच असते आणि 4 जीबीची तीच भिंत तिथे पुन्हा आडवी येते. दहा-दहा मिनिटांच्या फाइली केल्यास प्रत्येक 2.88 जीबीची होईल, आणि मध्येच वीज गेली तरी रात्र वाया न जाता दहा मिनिटेच जातील.

आता साठवणुकीची अडचण नाही असे आपण म्हणता, त्याचा हिशेब करू. या वेगाने तासाला 17.28 जीबी जागा लागते, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला 138 जीबी, आणि 500 जीबीची डिस्क चौथ्या रात्रीही पुरी पडत नाही. मुळात हायड्रोजनच्या रेषेसाठी कच्चे नमुने जपून ठेवण्याची गरज नाही. जीएनयू रेडिओ या प्रोग्राममध्ये नमुन्यांचा 2048 भागांचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याचा आलेख) तिथल्या तिथे काढून दहा सेकंदांची सरासरीच लिहून ठेवली, तर चोवीस तासांची नोंद सुमारे 71 एमबीत मावते. त्यातला प्रत्येक भाग 1.17 किलोहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे हायड्रोजन वायू आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगाच्या हिशेबात सेकंदाला पाव किलोमीटर. शाळेच्या कामाला इतका बारकावा भरपूर झाला.

मधली सुई डोंगलची स्वतःची आहे. डोंगल 1420.0 वर लावा, म्हणजे सुई तिथेच राहील आणि हायड्रोजन तिच्यापासून 0.4 मेगाहर्ट्झ बाजूला उघडा दिसेल.

बेळगावहून एक वाचक:

निपाणीकरांनी फाइलीचे कोडे सोडवलेच आहे, म्हणून मी निरीक्षणाच्या शिस्तीबद्दल लिहितो. गेन, म्हणजे डोंगल संदेश किती पट वाढवते ते प्रमाण, आपोआप कमी-जास्त होऊ देता का, हे आपण लिहिलेले नाही. तसे असल्यास ते आजच बंद करून गेन एका आकड्यावर पक्का ठेवा, कारण जो चढउतार मोजायचा आहे तोच ती सोय पुसून टाकते. प्रत्येक सत्राच्या आरंभी आणि अखेरीस डब्याच्या जागी 50 ओहमचा लोड (आकाशाऐवजी जोडायचा ठरावीक रोध) जोडून दोन मिनिटे नोंद घ्यावी. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर रात्रीत अँप्लिफायर बदलला, आकाश नव्हे, हे कळते.

फाइलीच्या नावात तारीख आणि वेळ जागतिक वेळेनुसारच घाला आणि लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. आमच्या गटात काहींनी भारतीय वेळ लिहिली, काहींनी जागतिक, आणि साडेपाच तासांचा तो गोंधळ निस्तरण्यात एक अख्खा रविवार गेला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने धावत असल्याने रेषेची जागा ऋतूनुसार बदलते. तारीख-वेळ चुकली तर ती दुरुस्ती करता येत नाही.

आणखी एक गोष्ट. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला असून त्यात कोणालाही प्रक्षेपण करण्याची परवानगी नाही. म्हणून तिथे अनोळखी सुया दिसल्या, तर त्या बहुधा घरच्याच असतात. इन्व्हर्टर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून पाहा. जे दिसते ते खरोखर आकाशातून येते का, याची सोपी कसोटी म्हणजे तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, तसा आलेखातला हायड्रोजनचा उंचवटाही रोज चार मिनिटे आधी आला पाहिजे. शेजारचा चार्जर घड्याळाप्रमाणे वागतो, ताऱ्यांप्रमाणे नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डिस्क फॅट-32 च निघाली, आणि गेनही आपोआपवर होता, हे कबूल करतो. डिस्क एनटीएफएस केली, वर्णपटाची सरासरी लिहिण्याची मांडणी बसवायला आठवडाभर लागला, आणि डिसेंबरच्या मध्यापासून सलग आठ रात्री रेकॉर्डिंग एकदाही थांबलेले नाही. दोन सुया प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटच्या जागी बसवलेल्या एलईडी पट्ट्यांच्या होत्या. त्या आता रात्री बंद असतात.

आठ रात्रींचे आलेख मुलांनी फळ्यावर एकाखाली एक लावले. 1420.4 च्या आसपासचा रुंद उंचवटा पहिल्या रात्री बाराच्या सुमारास सर्वांत वर होता आणि आठव्या रात्री साडेअकराच्या आसपास. नोंदवहीत आता एकच घड्याळ चालते, आणि हार्ड डिस्कवर मुलांनी मराठीत व कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवली आहे की ही टीव्हीला लावू नये.