एडसॅकवरील सबरूटीनला स्वतःलाच बोलवायला कसे लावावे? मदत हवी आहे

नमस्कार. केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये सुरू झालेल्या एडसॅक या संगणकावर सबरूटीन (एकदा लिहून प्रोग्रॅममधून हवे तेव्हा बोलावता येणारे आज्ञांचे तुकडे) कशा चालत, याचा अभ्यास मी सिम्युलेटरवर करीत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे.

सबरूटीन संपल्यावर जिथे परतायचे तो पत्ता ठेवण्यासाठी त्या यंत्रात स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढायचे, अशी साठवण) नव्हता. त्यावर एडसॅकच्या गटातील डेव्हिड व्हीलर यांनी काढलेली युक्ती मला अतिशय देखणी वाटते. मुख्य प्रोग्रॅमच्या स्मृतीतील ‘म’ क्रमांकाच्या खान्यातील आज्ञा स्वतःचीच प्रत रिकाम्या ॲक्युम्युलेटरमध्ये (हिशेबाचे उत्तर जिथे जमते त्या जागेत) घेते आणि पुढची आज्ञा सबरूटीनकडे उडी मारते. सबरूटीन त्या प्रतीत एक ठरावीक स्थिरांक मिळवते, त्यातून ‘म + २ कडे जा’ अशी नवी आज्ञा तयार होते आणि ती सबरूटीनच्या अखेरच्या खान्यात लिहिली जाते. त्यामुळे तयार सबरूटीनच्या ग्रंथालयातील एकच कागदी फीत कोणत्याही प्रोग्रॅमला जोडता येत असे.

एका सबरूटीनने दुसरीला बोलावले तर काही बिघडत नाही, कारण प्रत्येकीचा अखेरचा खाना वेगळा असतो. मी मात्र क्रमगुणित (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) काढणारी सबरूटीन स्वतःलाच बोलावणारी लिहिली, आणि सिम्युलेटर गुणाकाराच्या त्याच तुकड्यात फिरत राहतो. आतल्या हाकेने बाहेरच्या हाकेची परतीची आज्ञा पुसली, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅमकडे जाण्याची वाटच उरली नाही, असे माझे निदान आहे. ते बरोबर आहे का?

उपाय म्हणून, आतली हाक देण्यापूर्वी परतीची आज्ञा आणि त्या वेळची संख्या राखीव खान्यांत ठेवावी आणि परतल्यावर ती काढून घ्यावी, असा माझा विचार आहे. परंतु मूळ एडसॅकमध्ये इंडेक्स रजिस्टर (आज्ञेतील पत्त्यात आपोआप भर घालणारी जागा) नसल्याने ठेवणाऱ्या आणि काढणाऱ्या आज्ञांचे पत्ते प्रोग्रॅमलाच दर वेळी बदलावे लागतील, आणि दोन्ही पत्ते एकमेकांशी जुळते राहिले पाहिजेत. त्याऐवजी स्टॅकच्या माथ्याचा पत्ता एकाच खान्यात ठेवून त्यावरून दोन्ही आज्ञा ऐन वेळी घडवाव्यात का? तसे केल्यास ठेवण्या-काढण्याच्या दोन स्वतंत्र सबरूटीन होतील; त्या स्वतःला बोलावत नसल्याने व्हीलर यांची पद्धत त्यांना पुरेल, असे वाटते. मात्र त्यांना बोलावतानाही ॲक्युम्युलेटर रिकामा हवा, म्हणून ठेवायची संख्या कोणत्या खान्यातून द्यावी, हेही ठरवावे लागेल.

सुरुवातीला यंत्रात जेमतेम ५१२ शब्दांची स्मृती होती, त्यामुळे कमी खान्यांत बसणारी रचना मला हवी आहे. यंत्रभाषेत असे काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे की, यांपैकी कोणता मार्ग धरावा?