200 डॉलरच्या आत निवडून आलेला सिनेटर: खरं की फॉरवर्ड?

घोडबंदरकर: सोसायटीची निवडणूक तोंडावर आलीय. एका पॅनलने गेटवर फ्लेक्स टांगलाय, रविवारी बिर्याणीही आहे म्हणे. काल तलावपाळीवर विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, अमेरिकेत एक सिनेटर 200 डॉलरच्या आत निवडून यायचा. कोण हा? की नुसतीच थाप?

नौपाड्याचे आजोबा: थाप नाही. विल्यम प्रॉक्समायर, विस्कॉन्सिनचे. 1976 आणि 1982, दोन्ही वेळा. देणग्या घेत नसत, त्यामुळे खर्च झाला तो बराचसा लोकांनी पाठवलेले पैसे परत करायच्या टपालाचा.

पण फॉरवर्डवाले पुढचं सांगत नाहीत. हा माणूस आधी गव्हर्नरपदासाठी 1952, 54 आणि 56 असा तीनदा आपटला होता. 1957 मध्ये जोसेफ मॅकार्थी वारले, त्यांच्या जागेवर निवडून आला आणि 1989 पर्यंत बसला. निवडणूक असो-नसो, कारखान्याच्या गेटवर, फुटबॉलच्या सामन्याला उभं राहून लोकांशी हात मिळवायचा. नवख्याने 200 डॉलरचा प्रयोग करू नये, डिपॉझिट जाईल.

माझी हयात ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे मला त्यांचा ‘गोल्डन फ्लीस’ भारी आवडतो. 1975 पासून सरकारी उधळपट्टीला दर महिन्याला एक पुरस्कार! पहिला नॅशनल सायन्स फाउंडेशनला: माणसं प्रेमात का पडतात, यावर 84,000 डॉलर. आमच्या साहेबांनी असा शेरा मारला असता तर बदलीच झाली असती.

ऐरोली_लॅब: आजोबा, संशोधकांना विचारा! माकडं जबडा का आवळतात हे तपासणाऱ्या हचिन्सनची अशीच टिंगल केली. तो कोर्टात गेला. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावलं की सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, बाहेर वाटलेल्या पत्रकाला नाही. शेवटी 10,000 डॉलर मोजून मिटवावं लागलं. आणि विस्कॉन्सिनच्या दूधवाल्यांचं सरकारी अनुदान? तिथे मात्र साहेबांची कात्री बोथट.

नौपाड्याचे आजोबा: दुधाचं मान्य. मतदारसंघ कुणाला सुटलाय? हचिन्सनचंही मान्य, मथळ्यापायी माणूस वाहवला.

तरी एक ऐका. वंशसंहारविरोधी करार 1949 पासून सिनेटमध्ये धूळ खात पडला होता. यांनी 1967 मध्ये ठरवलं, मंजुरी मिळेपर्यंत कामकाजाच्या प्रत्येक दिवशी यावर बोलायचं. 3,211 भाषणं झाली. यात ना मतं, ना मथळे. बहुतेकदा बाकं रिकामी. 1986 मध्ये 83 विरुद्ध 11 मतांनी करार मंजूर झाला. 1966 पासून 1988 पर्यंत एकही मतदान चुकवलं नाही, सलग दहा हजारांवर. फ्लीसचे किस्से सगळ्यांना पाठ असतात, हे कुणी सांगत नाही.

घोडबंदरकर: रोज तेच भाषण करायचे?

नौपाड्याचे आजोबा: नाही हो. मुद्दा एकच, भाषण दरवेळी नवं.